अण्णांच्या बोळातली निळी चौकट

"पण मॅडम, तिला गाडीवरून उतरायची गरजच काय?" शिवशरणअण्णांनी विचारलं.

मी रस्त्यात वाकून टेपचं एक टोक धरलं होतं. नव्या पेठेत दुकानं उघडायच्या आत मापं घेतली नाहीत, तर मग दिवसभर घेता येत नाहीत. अण्णा साड्यांच्या दुकानाचे मालक आणि तिथल्या व्यापाऱ्यांच्या कमिटीचे अध्यक्ष. त्या कमिटीने मला रस्त्याचा पार्किंग प्लॅन करायला बोलावलं होतं. अन्वी, ईशान, तुमची आजी सिव्हिल इंजिनिअर आहे हे तुम्हाला माहीत आहे. ती अजून अशी छोटी कामं घेते, हे तुमच्या बाबांना फारसं आवडत नाही.

'ती' म्हणजे रेणुका. भवानी पेठेत ब्लाउज शिवते. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय अधू झाले. तिच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवलेली आहेत. आरटीओच्या भाषेत हे 'अडॅप्टेड व्हेईकल', म्हणजे चालवणाऱ्याच्या शरीराप्रमाणे बदलून घेतलेली गाडी. तशी नोंद आरसी बुकात होते, टॅक्समध्ये सवलत मिळते. स्कूटरवर बसली की रेणुका आपल्या सगळ्यांसारखी. उतरली की कुबड्या.

प्लॅनमध्ये दिव्यांगांसाठी एक तरी राखीव जागा दाखवायला हवी होती. तशा जागेला आम्ही 'बे' म्हणतो. ती नेहमीपेक्षा रुंद आखायची, कारण गाडीशेजारी कुबड्या टेकायला किंवा व्हीलचेअर फिरवायला जागा लागते. आणि ती दरवाजाच्या जवळ हवी. या दुसऱ्या अटीवर कमिटी अडली होती. सगळ्यांना ती जागा हवी होती, पण रस्त्याच्या त्या टोकाला, पे-पार्किंगच्या भिंतीपाशी. आपल्या दुकानासमोर कुणालाच नको होती.

"रेणुका आमच्या घरचीच आहे की," अण्णा सांगत होते. "तिची स्कूटर दारात थांबली, की मी स्वतः साड्या घेऊन बाहेर येतो. दुसऱ्या कुणासाठी येतो का? विचारा कुणालाही."

हे खरं होतं. मला मात्र दुसरीच अडचण दिसत होती. या रस्त्यावर सम-विषम पार्किंग आहे. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. मी कुठल्याही बाजूला बे आखला असता, तरी तो एक दिवसाआड नो-पार्किंगमध्ये गेला असता. अपंगत्व काही एक दिवसाआड येत नाही.

सम-विषमचा नियम लागत नाही अशी एकच जागा होती: अण्णांच्या दुकानाला लागून असलेल्या बोळाचं तोंड. त्या बोळात दुकानाचं माल उतरवायचं दार आहे आणि त्याला पायरी नाही. समोरच्या दाराला पायऱ्या आहेत. म्हणजे तिथे उतरलं, की सरळ आत. कागदावर इतकी चोख जागा मला दुसरी सापडली नसती.

तिथे अण्णांची मोटार उभी असते. त्याआधी त्यांच्या वडिलांची असायची.

"ते सोडून बोला," अण्णा म्हणाले.

मी दोन मीटिंगमध्ये ते सोडून बोलले. काही झालं नाही. मीटिंग दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हायची. जिच्यासाठी चर्चा चालली होती तिला तिथे येताच येत नव्हतं. म्हणून तिसऱ्या वेळी मी सगळ्यांना खाली रस्त्यावर आणलं. रेणुकाला मी बोलावून ठेवलं होतं. ती स्कूटरवर बसून होती.

"काय गं, तुला कधी काही कमी केलं का आम्ही?" अण्णांनी तिला थेट विचारलं.

"कमी न्हाय केलं, अण्णा. पण मी तुमच्या दुकानात पंखा कुटं हाय ते बी बघितलेलं न्हाय."

"पंखा बघून काय करायचंय तुला?"

"पंखा न्हाय बघायचा. साडी बघायचीय. तुमी हितं आणता ती घडी. रस्त्यावर धूळ हाय म्हणून उघडत न्हाय. मी आजवर घेतलेली प्रत्येक साडी घरी जाऊन पहिल्यांदा उघडली."

शेजारचे भांडीवाले खोटंच खाकरले.

"आता माझ्या पोरीचा बस्ता हाय," रेणुका म्हणाली. "विहीणबाई गादीवर बसणार, तिच्यासमोर पदर पसरणार. आन मी पोरीची आई, हितं हॉर्न ऐकत बसू?"

बस्ता तुम्ही कधी पाहिलेला नाही, म्हणून सांगते. लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं एकत्र दुकानात जातात. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात आणि लग्नाचे सगळे कपडे घेतात. नवरीच्या साडीपासून आत्याच्या मानाच्या साडीपर्यंत. अर्धा दिवस जातो. चहा होतो, रुसवे होतात, भाव होतो. खरेदी हे निमित्त. दोन घरं एकमेकांना पहिल्यांदा नीट बघतात ती त्या गादीवर.

"मग माझी गाडी काय डोक्यावर ठेवू?" अण्णा म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"पे-पार्किंगला लावा की. डॉक्टरनी चालायला सांगितलंय म्हणून तुमीच सांगत हुता. मला कुणी सांगितलं असतं तर मी पळत आले असते."

भांडीवाले मोठ्याने हसले. मग अण्णाही हसले. बोळाचं तोंड मिळालं.

पुढचं काम सरळ होतं. ट्रॅफिक ब्रँचच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला. "एका बाईसाठी एवढं?"

"बोर्डावर तिचं नाव नसणार, सर. ज्याच्याकडे दिव्यांगाचं कार्ड आहे, त्या प्रत्येकासाठी."

त्यांनी प्लॅन मंजूर केला. निळी चौकट रंगवली, आत व्हीलचेअरची खूण काढली, बोर्ड लावला. पहिला आठवडाभर लोक चौकटीत बुलेट लावत होते आणि अण्णा स्वतः बाहेर येऊन त्यांना हाकलत होते. जागा दिली, पण मालकी सुटली नव्हती, आणि मला ते चाललं.

बस्त्याच्या दिवशी रेणुकाने मला बोलावलं. आम्ही काम संपल्यावर ते वापरात कसं आहे हे बघायला जातोच, त्यामुळे मी वहीपेन्सिल घेऊन गेले. बोळापाशी पोचले तर रेणुकाची स्कूटर रस्त्याच्या मधोमध उभी. मागे रिक्षांची रांग, हॉर्न. तिची मुलगी बाजूला उभी, चेहरा रडवेला. निळ्या चौकटीत एक मोठी पांढरी जीप होती आणि काचेवर कुलदैवताचं नाव.

"कुणाची आहे ही?" मी विचारलं.

"पाव्हण्यांची," रेणुका हळूच म्हणाली. "मुलाकडची. ती लवकर आली. दुसरी जागा दिसली नसंल."

"मग काढायला सांगा त्यांना."

"मी कसं सांगू? मुलीकडची हाय मी." तिने स्कूटरचं हँडल घट्ट धरलं होतं. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. मी हितंच बसते. पोरगी जाईल आत. लग्नाआधी एका गाडीवरनं वाकडं नको."

चौकटीची रुंदी, बोर्डाची उंची, दाराचं अंतर, सगळं मी मोजलं होतं. मुलीची आई मुलाकडच्यांना गाडी काढा म्हणू शकत नाही, हे कुठल्याच नियमात धरलेलं नव्हतं.

मी तिची कुणी नव्हते. तेच बरं होतं. मी आत गेले. गादीवर पाहुणे बसले होते, हातात सरबत. "ती पांढरी जीप कुणाची?" मी वर्गात विचारतात तसं विचारलं.

"आमची," नवऱ्या मुलाचे काका म्हणाले. "का?"

"काढावी लागेल. ती जागा राखीव आहे."

"अहो बाई, आम्ही मुलाकडचे आहोत."

"बोर्डावर तसं लिहिलेलं नाही."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आता हे काय करतात, असं मला क्षणभर वाटलं. ते काकांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, मी दाखवतो कुठे लावायची ते. माझीपण तिथेच असते. चालत चालत येऊ दोघं."

विहीणबाईंनी मला विचारलं, "कुणासाठी आहे हो ती जागा?"

तेवढ्यात बाहेर जीप निघाली आणि स्कूटर चौकटीत लागली. रेणुका पायरी नसलेल्या दारातून आत येत होती. विहीणबाईंनी कुबड्या पाहिल्या, मग तिच्याकडे पाहिलं आणि गादीवर सरकून जागा केली. "इकडं या, माझ्याशेजारी."

कुणीतरी खुर्ची आणली. "खुर्ची नको," रेणुका म्हणाली. "खुर्ची घरी हाय." ती हातांवर भार देत खाली बसली.

मग साड्या उघडायला लागल्या. पहिला पदर तिच्या मांडीवर येऊन पडला. तिने तो उचलला नाही, भाव विचारला नाही. तळहात सपाट करून काठावरून फिरवत राहिली. मुलगी म्हणाली, "आई, ही घेऊ का?" रेणुका म्हणाली, "थांब गं. अजून बघू दे." दुपार झाली, पाहुण्यांना भुका लागल्या. ती प्रत्येक वेळी तेच म्हणत होती आणि अण्णा उघडत होते.

मध्येच अण्णा माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही नुसत्या काय बसलात? नातीसाठी बघा एखादी. किती उंच झाली? रंग कुठला आवडतो तिला?"

अन्वी, फोनवर तू दिसतेस ती खांद्यापर्यंतच. तुझ्या आईबाबांचं लग्न तिकडे परदेशातच झालं, रजेच्या हिशोबात बसवून. त्यांचा बस्ता झाला नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

"ती आली की तिलाच घेऊन येते," मी अण्णांना म्हटलं.

या कामातून मी एक गोष्ट शिकले. ईशान, तुला इंजिनिअर व्हायचंय म्हणून ती लिहून ठेवते. राखीव जागा आखणं सोपं असतं. ती रिकामी राहावी म्हणून कुणाला तरी वाईटपणा घ्यावा लागतो, आणि तो प्लॅनमध्ये दाखवता येत नाही.

अन्वी, येण्याआधी तुझा आवडता रंग कळव. अण्णा म्हणतात, तसा माल आधी मागवून ठेवावा लागतो.