उभी काकू

शेजारची काकू कुणाच्या घरी बसत नसे. पाट द्या, सतरंजी अंथरा, ती आपली दाराच्या चौकटीला टेकून उभी. अहेरीत तिला सगळे ‘उभी काकू’च म्हणत. शिष्ट आहे, असंही काही जणी म्हणत.

दुसऱ्यांना हसवून लोळवायची, पण तिला कुणी हसवू लागलं की ‘मले नोको हसवू वो बाई’ म्हणत पदर आवळून घरी चालती व्हायची. ती लुगडं बदलायला जात असे, हे मला फार उशिरा कळलं. हसू आलं, खोकला आला, की लघवी सुटायची. वयाचं दुखणं, सांगायचं कुणाला, म्हणून ती गप्प होती.

उपाय तिने स्वतःच काढला होता, पाणी तोडायचा. सिरोंच्याकडे दिलेली लेक बाळंत झाल्याचा निरोप आला. बैलगाडीत चारचौघांत बसून जायचं, म्हणून भर वैशाखात आदल्या दिवसापासून तिने घोटभर पाणी घेतलं नाही. गाडी जुंपायच्या आधीच ती अंगणात कोसळली. दवाखान्यात मीच सोबत होते.

डॉक्टरांनी हळूहळू विचारून सगळं काढून घेतलं. बाळंतपणावर बाळंतपणं, बाळंतपणाच्या ओल्या अंगाने भातरोवणीचा चिखल, डोक्यावर मोळ्या, चुलीच्या धुराचा खोकला, शौचाला कुंथणं. त्याने अंग, म्हणजे गर्भाशय, खाली आलं होतं. ते म्हणाले, हे नुसतं वय नाही. पाणी तोडलं की लघवी जळजळते आणि घाई उलट वाढते.

काकूने नीट ऐकून घेतलं. स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

“डॉक्टरसायेब, मंग हे माह्या पोरीले सांगा ना. तिची सासू पाचवी झाली का तिले पाण्याले धाडते.”

बऱ्या व्हा आणि तुम्हीच सांगा, असं डॉक्टर म्हणाले. पण उन्हाने धरलेलं शरीर सावरलं नाही. काकू तिथेच गेली. मला रडू आलं नाही. इतकी माया होती तिच्यावर, तरी आजही येत नाही. आत सगळं बधिर आहे.

ओल्या बाळंतिणीला तसा निरोप कुणी धाडला नव्हता. क्रियाकर्म उरकल्यावर मी आणि आमचे हे तिच्या लेकीकडे गेलो. गावाबाहेर विहिरीच्या वाटेवरच ती भेटली. डोक्यावर पाण्याने भरलेला पितळी गुंड, कमरेवर घागर. आम्हाला पाहून हसली.

“आई नाई आली?”

मी आधी तिच्या डोक्यावरचा गुंड उतरवून घेतला. मग सांगितलं.