भिंतीकडे तोंड

तुम्ही पासवर्ड टाकायला लागलात की काका खुर्चीवरून उठायचे, तुमच्याकडे पाठ करायचे आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागायचे. "टाका निवांत. मी एकादशी बघायलोय." एकादशी परवाच होऊन गेलेली असली तरी. तुमचं झालं की तुम्ही "झालं, काका" म्हणायचं. तोवर ते वळत नसत. नवखी माणसं गोंधळायची. एका तलाठ्याने तर विचारलं होतं, "माझा राग आलाय का?"

बीडच्या बसस्थानकामागे त्यांचं सायबर कॅफे होतं. वरच्या मजल्यावर आमचा कोचिंग क्लास. त्याचं ऑफिस मी सांभाळायचे. फी, हजेरी, कोणाचा कुठला दाखला यायचा राहिलाय, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. मुलांचे ऑनलाइन अर्ज भरायचे दिवस आले तेव्हा आम्ही काम वाटून घेतलं. कागद माझे, कॉम्प्युटर त्यांचा.

कॅफेच्या आधी तिथे त्यांचीच टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मशिनं भंगारात गेली, सवयी राहिल्या. कीबोर्डवर बोटं अशी आपटायचे की शेजारी बसलेला दचकायचा, आणि ओळ संपली की डावा हात आपोआप उचलून, टाइपरायटरचा दांडा ढकलावा तसं, हवेतच काहीतरी ढकलायचे. बाहेरच्या पाटीवर 'कॉम्प्युटर तज्ज्ञ' असं लिहिलेलं. मी एकदा विचारलं, "काका, तज्ज्ञ कोणी ठरवलं?"

"पेंटरनं, बाई. म्हणला, जागा उरली हाय, काय लिहू?"

कॅलेंडर वाचायची सवय मात्र पहिल्यापासूनची नव्हे. पहिल्यापासूनची वेगळीच होती.

मुलांनी पासवर्ड ठरवला तर आठवड्यात विसरायची. काकांनी तोड काढली. प्रत्येकाला त्याच्या गावाचं नाव. "माणूस सासऱ्याचं नाव इसरंल, गावाचं न्हाई इसरणार." मी म्हणायचे, निदान एक यादी करून ठेवू या.

"यादी कावून? लिहिलं की कुणीबी वाचतंय. इथं डोक्यात हाय, कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

आणि एवढं बोलून, तुम्हीही ऐकलं असतं, बाकावर बसलेल्या मुलांकडे बघून ते हाक मारायचे, "ए घाटनांदूर, ये. तुझा फारम उघडलाय." मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून गावावरूनच हाक. म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड ते सगळ्या दुकानाला दिवसभर ओरडून सांगत होते, आणि कोणाच्याही ध्यानात ते येत नव्हतं.

आलं ते युसूफ वडगाव या गावामुळे. तिथली एक मुलगी आमच्या क्लासला होती. वडिलांचं गावात किराणा दुकान. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाबाबत त्यांची अट सरळ होती. औरंगाबादला मावशी आहे, तिथलं कॉलेज मिळालं तर शिक. नाहीतर आलेलं स्थळ बघायचं. मुलीने पसंतीच्या यादीत औरंगाबाद सगळ्यात वर घातलं होतं. छापील प्रत घ्यायला आली, तेव्हा यादीत औरंगाबाद कुठेच नव्हतं. सगळी कॉलेजं विदर्भातली, आणि अर्ज पक्का करून बंद केलेला.

काकांनी आधी लायनीला दोष दिला, मग विजेला. "वायरस असंल, बाई."

मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुमी मला हाक कशी मारता?"

काकांचा डावा हात हवेत उचलला गेला आणि तिथेच राहिला.

कोणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवसांत बाकावर बसलेलं कोणीही असू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही औरंगाबादला निघालो. मुलगी, तिचे वडील, काका, आणि सगळ्या कागदांच्या जादा प्रती घेऊन मी. वडील वाटेत एवढंच बोलले, "म्याडम, जमलं न्हाई तर इतवारी पावणे येणार हायत."

प्रवेश केंद्रावरचे साहेब समजूतदार होते. अर्ज उघडता येईल म्हणाले, पण पासवर्ड बाहेर कसा गेला ते लेखी लागेल. "मुलीचा निष्काळजीपणा झाला असं लिहा, म्हणजे मिटलं." कागद त्यांनी तिच्यापुढे सरकवला. काकांनी तो आपल्याकडे ओढला.

"तिनं कावून लिहायचं, साहेब? हाका म्या मारल्या."

आणि लिहिलं, पासवर्ड मी दिला, मीच तो रोज सर्वांसमोर मोठ्याने उच्चारला. खाली सही. सहीखाली व्यवसाय विचारला होता. पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं, 'टायपिंग शिक्षक'.

अर्ज उघडला. मुलीने औरंगाबाद पुन्हा वर नेलं. कॉम्प्युटरने नवा पासवर्ड मागितला, तशी सवयीने ती काकांकडे वळली. "काय टाकू?"

काका उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या भिंतीवर कॅलेंडरही नव्हतं. "मला सांगू नको. बापालाबी सांगू नको." मग वडिलांनीही तोंड फिरवलं. तिघांपैकी मी एकटीच कशी बघत बसणार? मीही वळले. साहेब आमच्याकडे बघत राहिले. "झालं, काका," ती म्हणाली, तेव्हा आम्ही तिघं माणसांत आलो.

तिला औरंगाबाद मिळालं. रविवारचे पाहुणे पुढे कधीतरी आले असतील. बीडला परतल्यावर काकांनी एकेका गावाला बोलावून पासवर्ड बदलायला लावला आणि स्वतः कॅलेंडर वाचत उभे राहिले. पाटीवरच्या 'तज्ज्ञ'वर चुना फासला. हाका मात्र त्याच. "ए घाटनांदूर, ये बे. आता हाकेचं भ्या न्हाई."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटचे भेटले ते अर्धांगवायूनंतर, घरी, खाटेवर. वाचा गेलेली, उजवी बाजू गेलेली. डावा हात तेवढा चादरीवर अधूनमधून काहीतरी ढकलत होता. युसूफ वडगावच्या त्या मुलीचा नोकरीतला फोटो दाखवावा म्हणून मी पर्समधून मोबाइल काढला आणि कुलूप उघडायला आकडे दाबू लागले. काकांनी हळूहळू मान भिंतीकडे वळवली.

मी फोटो समोर धरला. ते बघेनात. थकले असतील, असं वाटून फोन ठेवणार होते, तेवढ्यात लक्षात आलं.

"झालं, काका," मी म्हटलं.

तेव्हा ते वळले.