औशाच्या काकांचा कर्णा

केलेल्या चुकीचं प्रायश्चित्त लोक तीर्थाला जाऊन एका दिवसात उरकतात. आमच्या औशाच्या काकांनी ते घरी बसून वर्षानुवर्षं घेतलं, आणि इतक्या हौसेनं घेतलं की पाहणाऱ्याला वाटावं, आपणही एखादी चूक करून ठेवायला हवी होती.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तालुक्याच्या कचेरीत कारकून. खिशात एखाद्या दिवशी पेन नसेल, पण मापाची टेप हमखास. भाकरी मापायचे, पाहुण्याची उंची मापून मग त्याला खाट द्यायचे. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर मुलगी राहिली बाजूला, हे दाराची चौकट मापून आले. "अंदाजानं कढी होते. वस्तू न्हाई होत," म्हणायचे. असा माणूस आयुष्यात एकदाच अंदाजानं वागला, तो बहात्तरच्या दुष्काळात.

मावशीच्या वडिलांचा कंधारला एक जुना रेडिओ होता. त्याचा आवाज वर उभ्या केलेल्या वेगळ्या कर्ण्यातून यायचा. बदकासारखी वाकडी मान आणि पुढं हे एवढं उघडं तोंड. वडील वारले तेव्हा मावशीनं माहेराहून तेवढा कर्णाच मागून आणला आणि रोज पुसून ठेवला. दुष्काळात एकदा टँकर आला, मावशी रांगेत, रांजणाचं तोंड लहान आणि घरात नरसाळं नाही. काकांनी कर्णा उचलला, त्याची मान रांजणात घातली आणि थेंबही न सांडता पाणी ओतायला सुरुवात केली. सात-आठ घागरी त्यानं सोसल्या. मग मान शिऱ्यासारखी मऊ होऊन हातातच आली. तो कागदाच्या लगद्याचा आहे, हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. मावशी रडली नाही की भांडली नाही. "पाणी तर भरलं ना?" एवढंच म्हणाली. काकांच्या ते फार जिव्हारी लागलं. हुबेहूब तसाच करून देतो, असं त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं.

फोटो नव्हता, माप नव्हतं. होती ती फक्त मावशीची आठवण. पहिला कर्णा पत्र्याचा. आवाजाची खालची लोखंडी डबी पाणी ओतायच्या आधी काढून ठेवल्यानं वाचली होती, ती ट्रान्झिस्टरला जोडून बातम्या लावल्या, तर बातम्या देणारा डब्यात पडून मदत मागतोय असं वाटलं. "मान जराशी अजून वाकडी व्हती," मावशी म्हणाली. दुसरा कुंभाराकडून भाजून आणला, त्याच्या वजनानं टेबलच कलंडलं. "तोंड लई वासलंय." सागवानी कर्णा मला तर फारच देखणा वाटला. मावशीनं चष्मा लावून पाहिला. "बाबांचा असा नव्हता." काकांनी टेप काढली. कचेरी सुटली की ते थेट घरी यायचे, मावशी शेजारी शेंगा फोडत बसायची आणि मान, तोंड, वाकण यावर दोघांचं बोलणं संपायचं नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर काका कागदाच्या लगद्यावर आले होते. मावशी मेथ्या वाटून घालून लगद्याच्या दुरड्या करायची, पण तिला विचारायचं त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मग कागद भिजवायचा असा नाद लागला की गल्लीत कुणाचा पेपर सुरक्षित राहिना. आपण आता उस्मानाबादचे राहिलो नाही, लातूरचे झालो, ही बातमी त्या गल्लीत कुणालाच वाचायला मिळाली नाही. ती कर्ण्याच्या मानेत गेली.

तो कर्णा वाळला, रंगला, ट्रान्झिस्टरला जोडला. आवाज असा भरून आला की मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मग नेहमीसारखं तिरकं पाहत म्हणाली, "जरासं..."

काका मटकन खाली बसले. "बस झालं आता. न्हाई जमत मला. तुझ्या बाबांची वस्तू मी घालवली, ती काय परत येत न्हाई."

मावशी घाबरली. "अवो, राग तर माझा त्याच साली गेला."

"मग इतके दिस खोट कामून काढून राहिलीस?"

"त्याच्या आधी तुमी कचेरी सुटली की स्टँडसमोरच्या हॉटेलात बसायचे. घरी यायचे ते जेवायापुरते. कर्णा झाला असता, तर पुन्हा गेले असते."

काका उठले. कर्ण्याला टेप लावली. "हाव, तोंड अर्धा इंच कमीच पडलं," असं म्हणाले आणि स्वतःच नवे कागद भिजत घातले.

त्यानंतर त्यांनी किती कर्णे केले, कोण जाणे. ओळखीत लग्न निघालं की आहेर ठरलेला. काका गेले तेव्हा एक अर्धा राहिला होता. मान झालेली, तोंड व्हायचं होतं. मला काकांची फार आठवण येते, म्हणून पुढं एकदा औशाला गेलो तेव्हा मावशीला म्हटलं, लगदा तर तुझ्या हातचा, तूच का पुरा करत नाहीस?

"राहू दे रे," ती म्हणाली. "पुरा झाला म्हंजी उठून जातील."