रिकामा घाणा

शिरूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका तेल्याचा घाणा होता. शाळा सुटली की करडईची पिशवी घेऊन मी तिथं जाई. हा तेली सगळ्यांना अरे-तुरे करी. मी शाळेतला मास्तर, पण मलाही तूच. अहो-जाहो फक्त बैलाला. "चला राव," असं हळूच म्हणून तो घाण्याच्या फळीवर बसला की बैल फिरू लागे. म्हातारी आई पेंड गोळा करी, बायको तेल गाळी. करडईचा एक दाणा चावून तो हटकून सांगे, "ही घोड नदीच्या काठची हाय."

पुढं मोटारस्टँडजवळ इंजिनावर चालणारी तेलाची गिरणी आली. आमच्या घरची करडईसुद्धा तिकडं जाऊ लागली. घाणा दिवाळीपर्यंत तरी टिकतो का, असं लोक बोलू लागले.

एकदा सकाळी शाळेत जाताना पाहिलं, तर तेली हळूच "चला राव" म्हणत होता आणि घाणा चालू. गिऱ्हाईक एकही नव्हतं. आत कालचीच पेंड घातलेली होती आणि बैलाच्या डोळ्यांवर नेहमीसारखी झापडं होती.

"कुणाचं तेल काढताय?" मी विचारलं.

"कुणाचंच न्हाई, मास्तर. धंदा बसलाय हे तुला ठाव हाय, मला ठाव हाय. रावांना कशाला कळू द्यायचं?"

दुसऱ्या दिवशी बायकोला न सांगता मी करडई घेऊन गेलो. त्यानं एक दाणा चावला, पिशवी घाण्यात रिकामी केली आणि कालच्याच आवाजात बैलाला म्हणाला, "चला राव."