कोरडी चाकं

आमच्या गावच्या जत्रेत बारा गाड्या ओढायची रीत आहे. बैलगाड्या एकीमागे एक साखळदंडानं जोडायच्या, त्यांवर माणसं दाटीवाटीनं बसवायची, आणि सगळ्यांत पुढच्या गाडीचं जू कमरेला लावून भगतानं ती सगळी माळ वेशीपासून खंडोबाच्या देवळापर्यंत ओढत न्यायची. देव अंगात येतो म्हणून जमतं, असं म्हणतात. मागून गावची पोरं रेटा देतात हे सगळ्यांना दिसतं. पण ते बोलायचं नसतं.

जत्रेतलं एकेक काम एकेका घराकडे मानानं आलेलं. कुणाकडे देवाची काठी, कुणाकडे साखळदंड, कुणाकडे नैवेद्य. आमच्या घराकडे चाकं. म्हणजे जत्रेच्या आधी गावातल्या गाड्या आमच्या खळ्यावर उभ्या करायच्या, वंगण घालायचं, आणि मुख्य म्हणजे चाकं भिजवायची. चैतातल्या उन्हानं लाकूड आक्रसतं. आरे हलायला लागतात, वरची लोखंडी धाव सैल पडते. रिकामी गाडी जपून हाकली तर निभतं, पण माणसांनी लादलेल्या गाडीला तसलं चाक चालत नाही, ते फाकतं. इतर वर्षी वडील चाकं काढून नदीच्या डोहात टाकत. लाकूड पाणी पिऊन फुगायचं आणि धाव गच्च बसायची.

त्र्याहत्तरच्या चैतात डोह नव्हता. नदीत नुसती वाळू होती. अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जात होतं, आणि टँकर आला की वेशीजवळच्या विहिरीवर घागरी आपटत होत्या. वडील बैल घेऊन देवळाली प्रवरेकडे गेलेले, तिकडे बैलांना चारायला उसाची वाढी मिळत होती म्हणून. घरी आई आणि मी. मी विशीतला, मॅट्रिक झालेला, कामावर मुकादमाच्या हाताखाली हजेरी मांडणारा. माती मी फारशी वाहिली नाही.

जत्रा करायची की नाही यावर चावडीत बरीच बोलाचाली झाली. बायकांनी ऐकवलं की माणसाला प्यायला नाही आणि हे लाकडाला पाजणार. पण गावचे म्हातारे पाटील म्हणाले, गाड्या नाही ओढल्या तर पाऊस कुणाच्या तोंडाकडं बघून यायचा. ते ठरलं. टँकरच्या पाण्यातली दोन टिपाडं चाकांसाठी बाजूला काढली आणि आमच्या खळ्यावर आणून ठेवली. चाकांना गोणपाटं गुंडाळायची आणि त्यांवर सारखं पाणी शिंपडत राहायचं, असं मला पाटलांनी सांगितलं. वडील नाहीत तेव्हा मान तुझा, नीट कर, म्हणाले.

त्याच जत्रेला शेवगावकडचे पाहुणे मला बघायला येणार होते.

आता जे सांगायचं ते एवढंच आहे. जत्रेच्या आदल्या दिवशीची दुपार होती. सगळे तलावावर गेलेले, आई शेजारी. माझी गोणपाटं गुंडाळून झाली होती आणि टिपाडात तांब्या बुडवला होता. कित्येक दिवसांत अंगाला धड पाणी लागलं नव्हतं. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि त्यालाच अंघोळ म्हणायचं, असं चाललं होतं. मानेवर घामाचं आणि मातीचं पुट बसलेलं. तो पहिला तांब्या मी चाकावर ओतायच्या ऐवजी डोक्यावर ओतला. एकच, असं मनात होतं. मग घरातून साबणाची वडी आणली. एकदा अंगावर पाणी पडल्यावर हात थांबेना. डोकं दोनदा धुतलं. सदरा धुतला, धोतर धुतलं. एक टिपाड तिथंच संपलं. दुसऱ्यातलं बरंचसं पाणी घरातल्या हंड्याकळशांत भरलं, पाहुणे येणार, त्यांना हातपाय धुवायला तरी लागेल म्हणून. तळाचं उरलं ते गोणपाटांवर शिंपडलं. गोणपाटं वरून काळी दिसायला लागली. आत लाकूड होतं तसंच राहिलं.

आईनं हंडे बघून विचारलं, एवढं पाणी कुठलं. चाकांचं उरलं, म्हणालो. तिनं पुढं विचारलं नाही. तिला पुरण घालायचं होतं.

भगताबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे भगतच म्हणत. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा, अंगानं काटक, बोलायला कमी. जमीन खडकाळ, थोडीशी. गाड्या ओढायचा मान त्याच्या घराण्यात त्याच्या आज्यापासून होता. जत्रेआधी नऊ दिवस त्याचा कडक उपास असायचा. धान्याचा कण तोंडात घालायचा नाही, दूध आणि शेंगदाण्यावर राहायचं. त्या वर्षी दूध कुठून असणार. शेंगदाणे आणि पाणी, आणि वर तलावावर मातीच्या पाट्या. त्याची चारपाच वर्षांची मुलगी कामावर त्याच्याबरोबर यायची, कारण तिथं सरकारी सुकडी मिळायची. सुकडी म्हणजे गव्हाच्या पिठाचा गुळातला कोरडा भुगा. आमच्या पिढीच्या तोंडाला तिची चव अजून आहे.

जत्रेच्या दिवशी मी पांढऱ्याधोप कपड्यांत उभा होतो. पाहुण्यांतल्या एक आत्याबाई म्हणाल्या, मुलगा टापटिपीचा दिसतो. भंडारा उधळला, हलगी लागली, भगतानं जू कमरेला लावलं. गाड्या हलल्या. देवळाच्या अलीकडच्या उतारावर चौथ्या गाडीचं चाक फाकलं. आवाज मोठा नव्हता, वाळकी काटकी मोडावी तसा. धाव निघून घरंगळत लोकांत गेली, गाडी एका अंगावर पडली, माणसं सांडली. गावात बांगड्या भरणाऱ्या कासाराचा पाय चाकाच्या तुंब्याखाली आला. साखळदंडाच्या हिसक्यानं भगत मागं ओढला गेला आणि जुवावर पाठीनं आपटला. गाड्या तिथंच राहिल्या. देवळाच्या पायरीपर्यंत गेल्या नाहीत.

कासाराला टेम्पोत घालून नगरला नेलं. बाकीचे मोडलेल्या गाडीभोवती जमले. सुतारानं चाकाचा तुकडा हातात घेतला, नखानं टोकरला आणि म्हणाला, लाकूड तर वाळल्यावानी हाय.

पाटलांनी माझ्याकडं बघितलं.

"चाकं भिजवली हुती का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

कुणीतरी सांगितलं की आदल्या संध्याकाळी गोणपाटं ओली बघितली. सुतार म्हणाला, मंग मला काय उमगत न्हाई, आणि तुकडा खाली ठेवला. मग सगळ्यांच्या माना भगताकडं वळल्या. चाकं भिजलेली असून मोडतात म्हणजे दुसरीकडं कुठंतरी मोडलंय, हे कुणाला सांगावं लागलं नाही. पाटलांनी त्याला विचारलंसुद्धा नाही. तो पाठ धरून उभा होता. स्वतःच बोलला.

"परवा पोरीला सुकडी भरवत हुतो. हातावर भुगा ऱ्हायला, तो तोंडात टाकला. ध्यानात आलं तवा गिळून झालं हुतं."

 मागून एक म्हातारी म्हणाली, सुकडी लई ग्वाड लागली म्हना. दोघंतिघं हसले. भगतानं कमरेचा शेला सोडला, घडी केली आणि पाटलांच्या पायाशी ठेवला.

मी तिथं होतो. तेव्हा बोलता आलं असतं. पाहुणे चार पावलांवर उभे होते, आणि मला त्यांच्याकडं न बघता उभं राहायचं होतं, एवढंच आठवतं. फार वाईट वाटलं असं खोटं लिहीत नाही. काही वाटलंच नाही. अंगाला साबणाचा वास येत होता, तो मला येत होता.

दोनतीन दिवसांनी तलावावर दुपारच्या सुट्टीत भगत माझ्याजवळ येऊन बसला. मी बाभळीखाली भाकरी खात होतो. तो पाय मुडपून, जरा लांब बसला. थोडा वेळ मातीत रेघा ओढत राहिला.

"तुझ्या घराचा मान हुता चाकांचा," तो म्हणाला. "माज्यापायी त्याला बट्टा लागला. मनात धरू नगंस."

"जाऊ दे, भगत," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. मी त्याला माफ केलं. मोडक्या गाडीपाशी म्हटलेला "व्हय" घाबरून गेला असं म्हणता येईल, पण या "जाऊ दे"ला भ्यायचं कारण नव्हतं. बाभळीखाली आम्ही दोघंच होतो.

पुढं जे झालं ते कुणीही सांगेल. त्या वर्षी मृगात पाऊस लागला, आणि चांगला लागला. गाव म्हणालं, भगत बदलला म्हणून आला. मान त्याच्या चुलतभावाच्या घरात गेला, तो आजही तिकडेच आहे. टँकर बंद झाले तरी विहिरीवर त्याच्या बायकोला सुकडीवरून टोमणे बसत राहिले. ती आधी उलटून बोलायची, नंतर बोलायची बंद झाली. कासार काठी घेऊन चालू लागला. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन जामखेडच्या बाजाराला जायचं त्याचं बंद झालं, घराच्या ओट्यावर बसून जेवढ्या बायका येतील त्यांना भरायचा. मला बघितलं की हात वर करायचा. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नव्हतं.

माझं लग्न त्या पाहुण्यांत झालं. बायको चांगली मिळाली. पुढं सोसायटीत नोकरी लागली, मुलं शिकली. चाकांचा मान आमच्या घरात राहिला. वडील गेल्यावर दर चैतात मी चाकं भिजवत आलो, इतकी की लोक चेष्टा करत, चाकं उगवायची आहेत का म्हणून. मीही हसायचो.

भगतानं दर रविवारी उपास धरला. देवाचा वार. पाणीसुद्धा सूर्य मावळल्यावर. कुणी लावून दिला नव्हता, त्यानंच धरला. तो मातीत काम करायचा, उन्हात असायचा, पण रविवार सोडला नाही. मुलीच्या लग्नाचा मांडव रविवारी होता, तेव्हाही जेवला नाही. हे सगळं गावाला माहीत होतं, मलाही. रविवारी तो रस्त्यात दिसला तर मी समोरच्या दुकानात शिरायचो. काही विकत घ्यायचं नसलं तरी.

बायकोला मी हे मागच्या वर्षी सांगितलं. ती बराच वेळ पदराचा काठ बघत बसली. मग म्हणाली, आमच्या आत्यांना तुमचे कपडे आवडले होते.  संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी वाढली.

त्यानंतर मी भगताकडं गेलो. मुद्दाम रविवार धरून गेलो नाही, पण निघाल्यावर लक्षात आलं की रविवार आहे, आणि परत फिरलो तर पुन्हा जाणार नाही हेही माहीत होतं. तो दारातल्या बाजेवर बसला होता. डोळ्यांनी अधू झालाय, कान चांगले आहेत. मुलगी माहेरीच असते आता, तिनं मला चहा आणला, त्याच्यासाठी आणला नाही. ती आत गेल्यावर मी सांगितलं. अंघोळ, साबण, हंडे, सगळं. पाहुण्यांचंही सांगितलं. सांगायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं जे जड वाटत होतं ते चहा निवायच्या आत संपलं.

तो बाजेची दोरी चाचपत होता. मला वाटलं, ऐकलं की नाही.

"सगळीच चाकं कोरडी हुती?" त्यानं विचारलं.

"सगळीच."

"आन वरची गोनपाटं?"

"तेवढीच ओली."

त्यानं मान हलवली, सुताराचा हिशोब पटावा तशी. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत भगत थांबला. मग माझ्याकडं तोंड करून, पण माझ्या जरा बाजूला बघत म्हणाला,

"मंग मी येवडं उपास कशाचं केलं?"

रागानं विचारलं असतं तर मला उठता आलं असतं. त्याला खरंच ते समजून घ्यायचं होतं, आणि मला ठाऊक असेल असं त्याला वाटत होतं. मी चाकांचा मानकरी. मी बसून राहिलो. चहावर साय धरली. ऊन बाजेच्या पायावरून खाली उतरलं.  मग मी उठलो, येतो म्हणालो. त्यानं हात वर केला, कासार करायचा तसा.

आठवड्यानं त्याची मुलगी दळणाच्या गिरणीवर भेटली. तिला काही माहीत नव्हतं, किंवा होतं आणि दाखवत नव्हती. म्हणाली, तुम्ही येऊन गेलात त्या दिवशी बाबांनी दिवसाढवळ्या भाकरी मागितली. तिला आश्चर्य वाटलं, तिनं गरम वाढली. त्यांनी तुकडा मोडला, दुधात बुडवला, तोंडापर्यंत नेला, आणि परत ताटात ठेवला. मग सूर्य मावळेपर्यंत ताटापुढंच बसून राहिले.

पुढच्या रविवारी काय केलं, हे मी तिला विचारलं नाही.