घटाची माती

लडाखमधली कायम गोठलेली जमीन खणून आम्ही मातीने भरलेल्या नळ्या काढल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या होत्या. तोवर एक रात्र ठाकुर्लीला, आमच्या घरच्या फ्रीजरमध्ये. एकदा वितळलेली माती पुन्हा गोठवली तरी ती आधीची राहत नाही. माझा प्रबंध त्या नळ्यांवर उभा होता.

माझं शिक्षण तालुक्याच्या शाळेतलं, घरातली पहिली पदवीधर मीच. बाबांनी ओव्हरटाइम करून शिकवलं. आईला माझ्या कामातलं एकच कळलं होतं, की मुलगी हिमालयातून माती आणते.

सकाळी प्रवासात नळ्या गोठलेल्या राहाव्यात म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून सुका बर्फ घेऊन परतले आणि फ्रीजर उघडला. एक नळी कमी होती. सर्वांत खोलवरच्या मातीची.

"आई, इथली एक नळी?"

"अगं, घेतली मी. आज घटस्थापना नाही का? म्हटलं, या वर्षी देवीला हिमालयातली माती. बाकीच्या आहेत की तुला."

देवघरापुढे परात होती. तिच्यात काळपट चिखल, त्यात मिसळलेले गहू. आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"पाणी घालू नकोस!"

माझा आवाज इतका चढला की बाबा बाहेर आले. आईने तांब्या खाली ठेवला. मी माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. नळी घरी वितळली, एवढंच सांगितलं. तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला.

"सर, मी उघडली. तिला माहीतसुद्धा नव्हतं. तिचं वर्ष घालवू नका."

पलीकडून सर म्हणाले, "आई, आता आतला बर्फ आणि वायू मोजता येणार नाहीत. ते गेलं. पण कणांची जाडी वितळलेल्या मातीतही मोजता येते. चिमूटभरही वाया घालवू नका. आणि त्यात दुसरं काही नको."

"गहू आहेत हो त्यात," आई हळूच म्हणाली.

बाबा घटासाठी नर्सरीतून माती आणायला गेले. आम्ही दोघी परातीवर वाकलो आणि चिमट्याने एकेक दाणा उचलून वाटीतल्या पाण्यात विसळू लागलो, त्याला चिकटलेला चिखलही वाया जाऊ नये म्हणून. माझा राग अजून गेला नव्हता. मुहूर्त टळत होता, पण आई घड्याळाकडे बघत नव्हती. तांदूळ निवडताना धरते तशी परात तिने उजेडाकडे कलती धरली.

"हा खडा का गहू गं?"

"खडा. राहू दे."


तिने तो पुन्हा मातीत ठेवला, अगदी होता त्याच जागी.