साळुबाईची हळवी

धरणाचं पाणी चढलं आणि आंबेगाव तालुक्यातलं ते टेपाड चहूकडून पाण्यात गेलं. वरची सतरा घरं बेटावर आली. बाजाराला जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात वारा सुटला की होडीही बंद. तेव्हा आपलं बी आपल्या घरात असावं, हे साळुबाईचं म्हणणं. पण ऐकतो कोण! बाकी सगळे दर साली दुकानातून बी आणायचे. ही मात्र नाचणीची दोन मडकी शेणानं लिंपून ठेवायची. एकात गरवी, म्हणजे उशिरा पिकणारी. दुसऱ्यात हळवी, लवकर पिकणारी, तिच्या माहेरची. हळवीचं पीक उतरतं कमी, मग तिचे एवढे लाड कशाला, म्हणून तिचा पुतण्या गेणभाऊ चिडवायचा, "बी हळवं, अन् म्हातारी त्याहून हळवी." साळुबाई हसायची, पण मनाला लागायचं.

पाऊस अलीकडं लहरी झाला होता. दोन हजार दोनच्या सुमाराला तर त्यानं कहरच केला. जूनमध्ये बरसला, रोपं वर आली आणि महिनाभर बेपत्ता. रोपं जळाली. मग श्रावणात आला तो असा वाऱ्यासकट, की होडी काठालाच बांधून राहिली. आता हळवी फोकून पेरली तरच वर्षाची भाकरी, नाहीतर काही खरं नव्हतं. गेणभाऊ टोपी हातात घेऊन साळुबाईच्या दारात आला, त्याच्यामागं अख्खी वस्ती.

साळुबाईनं मडकी खाली घेतली आणि ती उलटसुलट फिरवून पाहू लागली. हळवीच्या मडक्यावर चुन्याचा ठिपका असायचा. नागपंचमीला सून वृषालीनं घर सारवलं, तेव्हा हौसेनं मडक्यांवरूनही शेणाचा हात फिरवला होता. ठिपका गेला. दाणे तर दोन्हींतले सारखेच. गरवी पेरली असती तर कणसं भरायच्या आत पाऊस संपला असता. वृषाली रडायला लागली. वस्तीतला सावळेराम म्हणाला, निम्मं निम्मं मिसळू. साळुबाई त्याच्यावर कडाडली, निम्म्या वर्षाची उपासमार काय तुझ्या घरी पाठवू?

मग तिनं दोन्ही मडक्यांची लिंपलेली तोंडं फोडली. एकात कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. दुसऱ्यात घातला, आणि तळाशी बोटांना काच लागली. आईच्या हिरव्या बांगडीचा तुकडा. आई गेली त्या साली तिनं तो हळवीत ठेवला होता, आणि दर साली बी बदललं तरी तो परत टाकायची. लोक हसतील म्हणून घरातही बोलली नव्हती.

"हीच हळवी," ती म्हणाली, आणि मापटं मागितलं.

दिवाळी झाली आणि नाचणी कापणीला आली. सतरा चुलींवर भाकरी भाजली गेली. साळुबाईला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

गेणभाऊ निवडक बी घेऊन आला. वृषालीनं नवं मडकं भरलं, तोंड लिंपायला शेण घेतलं, तसा त्यानं तिचा हात अडवला.

"थांब पोरी. काकीची बांगडी टाकली का आत?"